तूप थांबवलं, मीठ चालू ठेवलं

जोमामामा, मी आज जो काही आहे तो ज्याच्यामुळे, तो माणूस तू. हे वाक्य मी शाळेच्या निबंधात लिहिलं होतं, नोकरीच्या मुलाखतीत साहेबांसमोर म्हटलं होतं, आणि परवा तुझ्या तेराव्याला शेव्याच्या देवळापुढं गाव जमलं तेव्हाही म्हटलं. लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, भाचा असावा तर असा. मी खाली बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा एकदा जेवढं सांगायला सोपं आहे तेवढंच सांगितलं.

म्हणून हे लिहितो आहे. तू कधी जन्मलास, किती वर्षं मिठागरावर राबलास, मागे कोण कोण ठेवून गेलास, ते इथे येणार नाही. जन्मसाल तर तुलाही ठाऊक नव्हतं. इस्पितळातल्या कारकुनानं वय विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "याच्या आयेपेक्षा दोन पावसालं मोठा. तिचा वय याला इचारा."

बोलताना मी तुला 'तू'च म्हणत आलो. आपल्यात मामाला अहो-जाहो केलं तर मामाच विचारील, कोन पावना आला? पत्रात मात्र मी 'आपण' लिहीत असे, कारण शाळेत पत्रलेखन तसंच शिकवलं होतं. तुझी लेक हिरा पत्र वाचून दाखवायची आणि तू तिला थांबवायचास. "यो आपन कोन गो? मना लिवलाय का सरपंचाला?" हिरानं हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो, पण पुढच्या पत्रातही 'आपण'च लिहिलं. शिकलेलं सुटत नाही.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई मला घेऊन तुझ्या घरी आली. मिठागराची रीत अशी की हंगामात प्रत्येक चुलीमागं एक माणूस द्यायचा. आईची चूल वेगळी धरली गेली, आणि त्या चुलीमागं देण्यासारखा माणूस म्हणजे मी. मुकादमानं मला मीठ गोळा करायची फळी ओढायला बोलावलं. तू म्हणालास, त्याच्या ऐवजी मी येतो. मुकादम म्हणाला, "तू तुझ्या चुलीचा झालास ना रं." तू म्हणालास, "सकालचा माझा. दुपारचा त्याचा." आठ हंगाम तू दोन माणसांचं मीठ ओढलंस आणि मी बांधावरून चालत उरणच्या शाळेत जात राहिलो. हे गाव सांगतं. मीही तेच सांगतो.

मला त्याहून जास्त आठवतं ते वेगळं आहे. मी सातवीत असताना तू एकदा भर वर्गात शिरलास. गुडघ्यापर्यंत पाय पांढरे, खांद्यावर फळी तशीच. मास्तर फळ्यावर गणित लिहीत होते. तू दारातूनच विचारलंस, "मास्तर, यो पोरगा म्होरं चालंल का नाय ते सांगा. नाय चालनार आसंल तर आताच सांगा, मंजे मी उगाच थकत नाय." सगळा वर्ग हसला. मी पाटीत डोकं घातलं. मास्तर मात्र हसले नाहीत. ते खडू खाली ठेवून म्हणाले, "चालेल." तू म्हणालास, "मंग ठीक," आणि गेलास. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

तू सगळ्यांना सगळं विचारायचास. होडीच्या तांडेलाला वारा विचारायचास, तलाठ्याला त्याच्या वहीत काय लिहिलंय ते विचारायचास. मुंबईला मी तुला पहिल्यांदा ट्राममध्ये बसवलं तर तू समोरच्या पारशी म्हाताऱ्याला विचारलंस, "बाबा, ही गाडी वलवतो कोन?" मी तुझ्या सदऱ्याला ओढलं. खाली उतरल्यावर तू मला म्हणालास, "इचारायला तुझं काय झिजतं रं?" मी म्हणालो, मामा, लोक अडाणी समजतात. तू म्हणालास, "मंग खोटं काय समजतात?"

हा आपला सगळ्यात जुना वाद. तो मिटला नाही. तो मी जिंकावा असं मला वाटत होतं, आणि जिंकल्यासारखंही वाटत होतं. मी बी. एस्सी. झालो, सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, माझगावात खोली घेतली. तुझ्या हातात पदवीचं भेंडोळं दिलं तेव्हा तू ते उलटंसुलटं करून पाहिलंस आणि विचारलंस, "यानं काय व्हतं?" मी म्हणालो, नोकरी. तू विचारलंस, "आनि?"

मग तुझा घसा बसला.

मिठागराच्या या टोकाला उभा राहून तू हाक मारलीस तर त्या टोकाचा माणूस पाणी सोडायचा, इतका तुझा आवाज होता. तो शिमग्यानंतर फाटला आणि परत जुळलाच नाही. मामी म्हणाली खाऱ्या वाऱ्यानं झालं. पावसाळ्यात घास अडकायला लागला. उरणच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं घशातला तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तू बाकावरून ओरडायचा प्रयत्न केलास. आवाज नव्हता, तरी ऐकू आलं. "वाईच हिकडं सांगा ना. घसा माझा हाय." डॉक्टर तुझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी तुला 'कॅन्सर' हा शब्द सांगितला. तू विचारलंस बरा होतो का. ते म्हणाले, प्रयत्न करू. तू म्हणालास, "तुमी तुमच्या बाजूनं वढा, मी माझ्या बाजूनं वढतो."

तीस वेळा कोबाल्टच्या किरणांचा शेक द्यायचा ठरला. सोमवार ते शुक्रवार इस्पितळ, राहायला माझ्या खोलीवर, शनिवारी शेव्याला. लाँचच्या तेलाच्या धुरानं घसा पेटतो म्हणून तू मिठाच्या रिकाम्या मचव्यातून, शिडाच्या होडीतून, जायचास आणि भरल्या मचव्यातून यायचास. मचवा भरती पाहून सुटायचा आणि इस्पितळ घड्याळ पाहून चालायचं. दर सोमवारी मी भाऊच्या धक्क्यावर घड्याळ हातात धरून उभा असायचो, आणि तू मिठाच्या गोण्यांवर मांडी घालून सावकाश येताना दिसायचास. माझ्या हातातलं घड्याळ बघून तू बोट समुद्राकडे करायचास. समुद्राला सांग, असं.

पहिल्याच दिवशी नर्सनं एक छापील कागद दिला. इंग्रजी होता. मी तो खोलीवर वाचून मराठीत सांगितला, मामी आणि हिरानं पाठ केला. मानेवर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या होत्या. त्या धुवायच्या नाहीत. त्या कातडीवर साबण, तेल, तूप, मलम काही लावायचं नाही. आणि एका पेल्याला चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करायच्या. मिठाचं ऐकून तुला फार बरं वाटलं. "बग, मोट्या डाकटरला बी मीटच लागतं," असं तू मचव्यावरच्या सगळ्यांना सांगितलंस.

तिसऱ्या आठवड्यात घसा आतून सोलवटला. थुंकी गिळताना तू डोळे मिटायचास. त्या शनिवारी मीही तुझ्याबरोबर शेव्याला आलो होतो, आणि रविवारी सकाळी मामीनं उरणच्या वैद्यबुवांना बोलावलं. ते चालत आले. त्यांनी तुझं तोंड उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "जोमा, रोग माझ्या हातचा नाही. त्याचं काम ते यंत्रवाले करतायत, ते सोडायचं नाही. माझं काम घास उतरवायचं." त्यांनी ज्येष्ठमधात सिद्ध केलेल्या गाईच्या तुपाची बाटली दिली. कोमट करून तोंडात भरायचं, हलवायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्यांत पाणी आलं की थुंकून टाकायचं. जेवायच्या आधी एक चमचा नुसतं गिळायचं. हे सांगून ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले आहात. उद्या तुमच्या डॉक्टरांना हे दाखवा. त्यात काय काय आहे ते मी लिहून देतो. ते हो म्हणाले की सुरू करा. त्यांना न विचारता नको."

मी म्हणालो, विचारतो.

सोमवारी मी खिशात ती चिठ्ठी आणि मनात एक इंग्रजी वाक्य घेऊन गेलो. वाक्य मी मचव्यातच जुळवलं होतं, तीनदा दुरुस्त केलं होतं. रांगेत आपल्यापुढं सूट घातलेले एक गृहस्थ होते, ते डॉक्टरांशी भराभर इंग्रजीत बोलत होते. आपली पाळी आली. डॉक्टरांनी घसा पाहिला, मान पाहिली, कागदावर लिहिलं आणि विचारलं, "काही विचारायचंय?" मराठीतच विचारलं. माझा हात खिशात होता. मला वाटलं, मी वैद्याचं तूप बाहेर काढलं की हे मला त्या सूटवाल्या गृहस्थांच्या पंक्तीतून उठवतील. मी म्हणालो, "नो, सर."

बाहेर आल्यावर तू खुणेनं विचारलंस, काय म्हणाले? मी म्हणालो, "नको म्हणाले."

मामा, ते डॉक्टर म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो होतो.

आणि गंमत अशी, की खोलीवर पोचेपर्यंत मला ते खरंच वाटायला लागलं. मी तर्क लढवला. कागदावर लिहिलंय की कातडीला तूप लावू नये. बाहेरून जे चालत नाही ते आतून कसं चालेल, रोग तर आतच आहे. विज्ञान शिकलेल्या माणसाला शोभेल असा तो तर्क होता. मी बाटली फळीवर माझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांमागं ठेवली. तू ती ठेवताना पाहत होतास. तू म्हणालास, "डाकटर नको बोल्ला ना, मंग नको." त्या दिवसानंतर तू तिच्याविषयी एकदाही बोलला नाहीस.

त्यानंतरचे तीन आठवडे मला नीट आठवत नाहीत असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. मामी खोलीवर राहायला आली होती. तू पेज तोंडात घ्यायचास आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तशीच धरून ठेवायचास. गिळायचं ठरवायला तुला वेळ लागायचा. मग एकदम गिळायचास आणि तुझी टाच जमिनीवर आपटायची. पहिल्यांदा मला वाटलं खालच्या मजल्यावर कुणी काही ठोकतंय. आणि प्रत्येक जेवणाआधी नि प्रत्येक जेवणानंतर तू मिठाच्या गुळण्या करायचास. कधी चुकवल्या नाहीस. गुळणी केल्यावर तू भिंतीला डोकं टेकून उभा राहायचास आणि मी म्हणायचो, "मामा, तेवढं करायला हवं हं." तू मान हलवायचास.

बाविसाव्या शेकाच्या सकाळी तू चपला घातल्याच नाहीस. पाटीवर लिहायला तुला येत नव्हतं, आवाज उरला नव्हता, म्हणून तू ओठांनीच म्हणालास, "बस झाला." मी तुझ्यासमोर उकिडवा बसलो. मी म्हणालो, मामा, नऊ राहिलेत. सोडलं तर आधीचे एकवीस फुकट. मी तुला आकडे सांगितले, पुस्तकात वाचलेलं सांगितलं. मामी चुलीपाशी बसून होती. ती म्हणाली, "काश्या, आरं तो जेवत नाय म्हनून नको बोलतंय. त्याला घास उतरू दे, तो तुला तीस काय, साठ करंल."

ती बरोबर बोलली होती. माझ्या पुस्तकांमागं बाटली होती. मी म्हणालो, "मामी, डॉक्टरांच्या पुढं आपण जायचं नाही." तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस आणि चपला घातल्यास.

तीस पुरे झाले. तू मचव्यात बसून घरी गेलास. आठ दिवसांनी हिराचं कार्ड आलं. बाबाला पेजही जात नाही, पाणी नाकातून येतं, रोज गुळण्या करतो तरी बरं नाही. मी ते कार्ड घेऊन अर्ध्या दिवसाच्या रजेवर इस्पितळात गेलो. त्या दिवशी रांगेत मी एकटाच होतो, तू बरोबर नव्हतास, आणि सूटवालेही कुणी नव्हते. डॉक्टरांनी कार्ड वाचलं.

"गुळण्या कशाच्या करतात?"

"मिठाच्या, सर. कागदावर होतं."

"किती मीठ घालतात?"

मी म्हणालो, चिमूट. आणि हातानं दाखवलं.

डॉक्टर माझ्या हाताकडे बघत राहिले. मामा, मी पाची बोटं मडक्यात घालून वर काढल्यासारखी दाखवली होती. आपल्या घरी चिमूट म्हणजे तेवढंच. दारातच मिठाचा ढीग, मामीनं बोंबिलाला मीठ लावलं तरी चिमूट, पायाला काच लागली तर त्यावर चिमूट. मीठ जास्त होतं, मिठानं काही बिघडतं, हे आपल्या घरात कुणाच्या बापजन्मी मनात आलेलं नाही. आणि प्रयोगशाळेत रोज तराजूवर मीठ तोलणारा माणूस त्याच घरात बसून ते बघत होता.

डॉक्टरांनी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीतून दोन टाचण्या उचलल्या आणि त्यांची डोकी दाखवली. "एवढं. सोललेल्या घशावर तुम्ही खारं पाणी ओतताय. मला आधी का नाही विचारलंत?"

मी खिशातून वैद्यबुवांची चिठ्ठी काढली. ती महिनाभर खिशात राहून घडीवर फाटली होती. डॉक्टरांनी ती टेबलावर जुळवून वाचली. "ज्येष्ठमध आणि तूप. धातूबितू काही नाही ना यात? भस्म?" मी नाही म्हणालो. "मग द्या की. याच्यानं रोग जाणार नाही, पण घसा ओला राहील, चार घास पोटात जातील. आत्ता मला तेच हवंय. अजून दिलं नाहीत का?"

"नाही, सर."

"कोणी थांबवलं?"

मी म्हणालो, "घरचे घाबरले, सर."

ते ऐकून त्यांनी वेदना कमी करायचं औषधही लिहून दिलं, आणि दोन आठवड्यांनी आणायला सांगितलं. पायऱ्या उतरताना मला कळलं की मी आता मामीलाही त्यात ओढलं. खोलीवर जाऊन मी पुस्तकं बाजूला केली. बाटली तशीच होती.

त्याच दिवशी दुपारी एक मचवा सुटणार होता. मला माहीत होतं. मी बाटली आणि औषध त्याच्या तांडेलाकडे दिलं. त्याच्या हातात बाटली देताना मीही त्याच्या शेजारी बसू शकलो असतो. रजा होती. मी बसलो नाही. मी पोस्टात गेलो आणि तुला पत्र लिहिलं. माझ्या पत्रात काय नाही, ते मला लिहितानाच माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तू ओटीवर बसला होतास. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. मला बघून तू हातानं 'बस' म्हणालास. मी बसलो. बराच वेळ आपण तसेच बसलो. कुणीही काही बोलायचं नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं. मग तू अंगणात जाऊन थुंकलास, तोंड पुसलंस आणि कुजबुजलास, "उतरतं रं." दुपारी मामीनं तुला मऊ भात आणि बिनतिखटाचं निवटी माशाचं कालवण दिलं. तू वाटी पुसून खाल्लीस. टाच आपटली नाही. हिरा दाराआड जाऊन रडली आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, आजून घालू?"

त्यानंतर तुला सात महिने मिळाले. आवाज अर्धा आला. तू मिठागरावर गेलास, फळी नाही ओढलीस, पण बांधावर बसून सगळ्यांना चुका दाखवल्यास. मग रोग परत आला, आणि तेव्हा डॉक्टरांनी आणि वैद्यबुवांनी एकच गोष्ट सांगितली, की आता त्याला त्याच्या घरी असू दे. त्या सात महिन्यांत मी तुझ्याकडे जवळजवळ दर रविवारी आलो. प्रत्येक वेळी मचव्यात मी ठरवायचो की आज सांगायचं. मामा, डॉक्टर नको म्हणाले नव्हते. एवढं एकच वाक्य होतं, आणि ते मराठीतलं होतं.

आता तू नाहीस, आणि मला एक गोष्ट सुटत नाही.

तीस दिवस तू त्या इस्पितळात गेलास. तीस दिवस त्याच नर्स, तेच डॉक्टर, बाकावर तेच बाकीचे आजारी. तू तिथल्या झाडूवाल्याला त्याच्या गावचं पीकपाणी विचारलं होतंस, हे मला त्यानंच सांगितलं. यंत्राच्या खोलीतल्या माणसाला तू हातवारे करून विचारलं होतंस की हे आत जळतं काय. मग तू, सगळ्यांना सगळं विचारणारा माणूस, उरलेल्या पंधरा दिवसांत डॉक्टरांना एकदाही तुपाचं विचारलं नाहीस? तुझा घसा, तुझं दुखणं, आणि विचारायला तुझं काही झिजत नव्हतं.

एक तर माझ्या शब्दावर तुझा इतका विश्वास होता की तुला पुढं विचारायची गरजच वाटली नाही. किंवा तू विचारलं होतंस. तुला कळलं होतं. आणि भाच्याला खोटं पाडायचं नाही म्हणून तू चपला घालून गेलास, पेज धरून कॅलेंडरकडे बघत राहिलास. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, हे मी रोज स्वतःला विचारतो. सकाळी एक उत्तर येतं आणि ऑफिसात पोचेपर्यंत ते बदलतं. पहिलं खरं असेल तर तुझ्या विश्वासानं तुला तीन आठवडे जाळलं. दुसरं खरं असेल तर तू माझ्याकरता पुन्हा एकदा दोन माणसांचं ओझं ओढलंस. मला दोन्ही नको आहेत.

तेराव्यानंतर मी हिराला विचारलं. पहिल्यांदाच मी कुणाला सरळ काही विचारलं असेन. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, बाबाला माहीत होतं का? ती तांदूळ निवडत होती. "दादा, मना नाय म्हाईत," ती म्हणाली. "तुझं ते पत्र आलं ना तूप घ्या म्हनून, ते त्यानं दोनदा वाचून घेतलं. मंग हसला. हसताना घसा दुखला त्याचा. बोल्ला, पोराला लिवायला लय तरास झाला आसंल."

मी विचारलं, असं का म्हणाला?

"तुझं अक्षर वाकडं आलंवतं," हिरा म्हणाली.

तिनं आत जाऊन ते पत्र आणून दिलं. अक्षर खरंच वाकडं आहे. पोस्टातल्या दौतीची शाई पातळ होती, टाक खरखरत होता. त्यापलीकडे तुला त्यात काय दिसलं, ते मी परवापासून शोधतो आहे. तू शब्द वाचू शकत नव्हतास. मी वाचू शकतो, आणि मला सापडत नाही. ते जसंच्या तसं खाली उतरवतो. एकही अक्षर बदललेलं नाही.

मुंबई, बुधवार

तीर्थस्वरूप जोमामामा यांचे चरणी बालके काशिनाथ याचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. येथे मी सुखरूप आहे. चि. हिराचे कार्ड पावले. आपणास पेजही जात नाही हे वाचून वाईट वाटले. आज मी स्वतः डॉक्टरसाहेबांना भेटलो. त्यांनी आता वैद्यबुवांच्या तुपास परवानगी दिली आहे. तरी आपण ते वैद्यबुवांनी सांगितल्याप्रमाणे लगेच सुरू करावे. बाटली व एक औषध तांडेलाबरोबर पाठवले आहे. मिठाच्या गुळण्या पूर्वीसारख्या करू नयेत. करायच्या झाल्यास दोन टाचण्यांच्या डोक्यांइतकेच मीठ घालावे, व ते मामीने न घालता हिराने घालावे.

मला रजा नसल्यामुळे आज येता आले नाही. क्षमा असावी. पुढच्या रविवारी नक्की येतो. आपण प्रकृतीस जपावे. ती. मामीस व आईस नमस्कार, हिरास आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
काशिनाथ, बी. एस्सी.

ता. क. तूप तोंडात असताना बोलू नये असे वैद्यबुवांनी सांगितलेच आहे. मी आलो तरी बोलू नये. आपणास मला काही विचारायचे असल्यास घाई नाही.